लाळेचा सँपल द्यायचाय? मग पोहे-जिलबी नंतर

इंदूरात सर्दी-खोकल्याची साथ आली की नाकात काडी घालायच्या नावानंच घरातली पोरं आणि आज्जी दोघंही पळतात, त्यांच्यासाठी लाळेची आरटी-पीसीआर, म्हणजे लॅबमधली व्हायरस शोधायची टेस्ट, खरंच सोयीची. पण आधी लॅबला फोन करा, लाळ घेता का आणि कोणत्या व्हायरससाठी, कारण लाळेवरचं बरंचसं काम कोविडवर झालंय, फ्लूला अजून नाक-घशाचा स्वॅबच जास्त चालतो. आणि मेडिकलवरून आणलेल्या नाकाच्या किटवर लाळ टाकून बघायची आयडिया सोडा, तो रिझल्ट धरता येत नाही.

खरं काम तोंडाचं आहे. सँपलच्या आधी निदान अर्धा तास चहा, नाश्ता, ब्रश, माउथवॉश, सिगरेट, पान, काहीच नाही. उठल्या उठल्या दिलेली लाळ सगळ्यात चांगली, व्हायरस सापडायचा चान्स जास्त, म्हणजे छप्पन दुकानवर खायला जायच्या आधीच उरकून टाका. गुटखा-सुपारीवाले काका, हे तुम्हालापण लागू आहे हं.

आता डबी ओठांना लावायची, मान खाली, आणि लाळ आपोआप ओघळू द्यायची. खाकरून बेडका काढायचा नाही, तो इतका चिकट असतो की लॅबच्या पिपेटमध्ये (सँपल ओढायच्या बारीक नळीत) नीट चढत नाही. साधारण 1 ते 2 मिली लागते, लॅब सांगेल ते माप बघा, फेस त्यात धरायचा नाही, आणि दोन-चार मिनिटं लागली तर लागू देत. आजोबांचं तोंड ॲलर्जीच्या किंवा बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडं पडतं, तर त्यांना पाणी त्या अर्ध्या तासाच्या आधीच पाजून ठेवा, नंतर गाल बाहेरून हलके चोळायला सांगा, लोणच्याची बरणी समोर ठेवली तरी चालेल फक्त चाटू देऊ नका!

तरीही लाळ येत नसेल तर गुळण्यांच्या टेस्टचं विचारा, नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेनं 2021 मध्ये कोविडसाठी सलाईनच्या गुळण्यांची पद्धत काढली होती, पण ते पाणी लॅबनं दिलेल्या ट्यूबमधलंच, घरचं मीठपाणी नाही.

झाकण घट्ट, डबी बाहेरून पुसा, नाव-वेळ लिहा, हात धुवा आणि त्याच दिवशी पोचवा, मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला पण ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना विचारून स्वॅब द्या, आणि धाप लागली किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर रिपोर्टची वाट न बघता सरळ एमवाय या सरकारी हॉस्पिटलात नाहीतर जवळच्या हॉस्पिटलात न्या.