मोठ्या स्केलचं प्लास्टिक ड्रॅगस्टर मॉडेल कसं जोडावं: आधी सांगाडा सरळ करा

ड्रॅगस्टरचं, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावर शर्यतीत पळणाऱ्या लांबुडक्या गाडीचं मॉडेल इतर गाड्यांपेक्षा वेगळं पडतं, कारण यात झाकायला काहीच नसतं. इंजिन उघडं, नळ्या उघड्या, पुढचा आसही उघडा. १/१६ प्रमाणात (खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी) गाडी जवळपास हातभर लांब होते आणि सांगाडा मधे जरासा जरी पिळला, तरी पुढचं एक चाक हवेत राहतं. रंग कितीही सुरेख असला तरी मग नजर त्या चाकावरच जाते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा सांगाड्याला दिली आहे.

सुरुवातीला गाडी कोणत्या ढंगाची आहे ते बघा. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर नामवंत ड्रॅगस्टर चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचं ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा भाग) फुटलं आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तोपर्यंत चालक इंजिनाच्या मागे बसायचा. १९७१ मध्ये गार्लिट्स इंजिन मागे असलेली गाडी घेऊन उतरले आणि बाकीचेही त्याच वाटेने गेले. जोडणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे: इंजिन पुढे असेल तर ते बहुतेक वेळा शेवटीही वरून बसवता येतं, पण इंजिन मागे असेल तर मागच्या पंखाचे आधार चिकटवण्याआधीच ते बसलेलं हवं.

सांगाडा

सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून हाताने पिळून तोडू नका, साइड कटरने जरा लांबून कापा आणि उरलेला खुंट नंतर घासा.

मूळ गाडीत सांगाड्याच्या मुख्य नळ्या साधारण दीड इंच जाडीच्या असतात, १/१६ मध्ये त्या जेमतेम २.४ मिमी भरतात. दोन साच्यांच्या जोडाची रेघ प्रत्येक नळीवर लांबच्या लांब असते. ती सपाट कानशीने घासली तर नळी चपटी होते. त्याऐवजी ब्लेडची पाठ हलकेच ओढून रेघ खरवडा, मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरची पाच मिमी रुंद पट्टी नळीभोवती अर्धी गुंडाळून मागेपुढे ओढा. गोलाई टिकते.

डावी-उजवी बाजू काचेवर ठेवून बघा. वाकलेली असेल तर कढत, पण उकळत नसलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवा. एका फटक्यात पूर्ण सरळ करायला गेलात तर नळी पिचते. दोन-तीनदा थोडं थोडं करा.

आता जोडणी. कागदावर ४० सेंमीची सरळ रेघ आखा, त्यावर काच ठेवा. दोन्ही बाजू आणि आडव्या नळ्या गोंद न लावता जुळवा, लाकडी ठोकळ्यांनी दोन्हीकडून टेकवा आणि सांगाडा रेघेवर मधोमध आहे ना ते तपासा. मग ब्रशने लावायचा पातळ गोंद प्रत्येक सांध्यावर टोचल्यासारखा लावा. तो फटीत आपोआप ओढला जातो. ट्यूबमधला दाट गोंद इथे नको: तो बाहेर सांडतो आणि वाळताना सांधा ओढतो.

गोंद ओला असतानाच खरी परीक्षा घ्या. पुढच्या आणि मागच्या आसाच्या भोकांतून १५-१५ सेंमीच्या सरळ तारा घाला, डोळा काचेच्या पातळीवर आणा आणि मागून पुढे बघा. दोन्ही तारा एकमेकींवर झाकल्या गेल्या तर पीळ नाही. एक टोक वर दिसलं तर आत्ताच दाबून घ्या, उद्या जमणार नाही. दोन्ही बाजूंना आसांमधलं अंतरही मोजा, फरक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त नको. चोवीस तास काचेवरून हलवू नका.

रंग

हा गोंद प्लास्टिक विरघळवून जोडतो, रंगाला चिकटत नाही. इंजिन, सीट आणि आस जिथे बसणार, तिथे रंगाआधी मास्किंग टेपचे तुकडे लावा. बॉडीला राखाडी प्रायमर, मग १००० नंबरचा वॉटर पेपर, मग २०-२५ सेंमीवरून पातळ थर. प्लास्टिक लाल असेल तर त्यावरचा फिका रंग काही दिवसांत गुलाबी पडतो, त्यासाठी आधी चंदेरी थर द्या. पारदर्शक कँडी रंग दर थराला गडद होतो, म्हणून बॉडीचे सगळे तुकडे एकत्र टांगून एकाच बैठकीत, सारख्या थरांनी रंगवा. डेकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) चकचकीत पृष्ठभागावरच लावा. वरून क्लिअर (पारदर्शक थर) मारण्याआधी तो नको असलेल्या डेकलवर मारून बघा, काही क्लिअर डेकल सुरकुतवतात.

इंजिन

क्रोम दिलेल्या भागांवर सांध्याच्या जागेचं क्रोम खरवडलंच पाहिजे, नाहीतर हेडर (इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या) पहिल्याच धक्क्याला निखळतात. सगळंच क्रोम ठेवू नका. सुपरचार्जरला (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या वरच्या भागाला) मंद ॲल्युमिनिअम रंग दिला की इंजिन एकदम खरं वाटायला लागतं. क्रोम काढायला भाग घरगुती ब्लीचमध्ये बुडवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचा क्लीनर कधीही मिसळू नका.

आठही हेडरची तोंडं पोखरा. मधे सुईने खूण, १ मिमीचं भोक, मग ब्लेडचं टोक गोल फिरवत कड पातळ होईपर्यंत रुंद करा. प्लग वायर ०.५ मिमीची पुरे, त्याहून जाड तार दोरखंडासारखी दिसते. हेमी (क्रायस्लरच्या अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनात प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असतात, तेव्हा भोकं तिथेच पाडा. मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज पुरवणारा भाग) ३९२ घन इंचाच्या हेमीला मागे असतो, ४२६ च्या हेमीला पुढे. हौसेने रेडिएटरचे पाइप लावू नका: नायट्रोमिथेन या शर्यतीच्या इंधनावर पळणाऱ्या या गाड्यांना रेडिएटर नसतोच.

चाकं

मागच्या गुळगुळीत टायरची चमक ४०० नंबरच्या पेपरने मारा. मऊ व्हिनाइल टायरमधलं द्रव्य हळूहळू झिरपून प्लास्टिकची रिम विरघळवतं, म्हणून रिमवर टायर टेकतो तिथे ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी गुंडाळा. त्याच कारणाने तयार गाडी प्लास्टिकच्या तळावर ठेवू नका, काचेवर ठेवा आणि मागच्या आसाखाली छोटा आधार द्या, म्हणजे टायरवर भार राहणार नाही.