मुरमाची खदान उघडण्याआधी

कागदांचं सगळ्यांना ठाऊक असतं: पट्टा, खनन योजना, प्रदूषण मंडळाची संमती. "दोनच हेक्टर आहे हो, पर्यावरणाची मंजुरी कशाला?" हे मात्र आमच्या इंदूरजवळच्या सांवेरकडे अजून कानावर येतं. 2012 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही, म्हणजे मुरूम-वाळूसारख्यालाही, ती लागू केली, तेव्हा वाद नको. सीमा पटवाऱ्याकडून मोजून घ्या. पुढे.

आता काळी माती. नकाशावर खणण्याचे टप्पे आखण्याआधी ही माती कुठे रचणार ते आखा. टप्पे नंतर! आपल्याकडे मुरमावर कुठे वीतभर, कुठे कमरेइतकी माती असते, म्हणून चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घेऊन जाडी मोजा. समजा 30 सेंटीमीटर निघाली. एका हेक्टरची झाली 3,000 घनमीटर, आणि खणून मोकळी झाली की पावणेचार हजारांच्या घरात. ढीग दोन मीटरपेक्षा उंच करायचा नाही, आतली माती दबून निर्जीव होते. म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या वर जागा हवी, हेक्टरचा पाचवा हिस्सा. मागच्या खेपेला ही जागा आमच्या नकाशावरच नव्हती. ढीग खदानीच्या तोंडाशी पडला, दोनदा हलवला, आणि मुरमाच्या डंपरांबरोबर निम्मा भरावाला गेला. ढिगाची जागा अशी धरा, की शेवटच्या टप्प्यापर्यंत तिथे पोकलेन फिरणार नाही. वर गवत किंवा ताग पेरा, नाहीतर पहिल्याच पावसात माती नाल्यात.

साठवायची ती फक्त पहिल्या टप्प्याची माती. दुसऱ्या टप्प्याची खरवडलेली माती थेट पहिल्याच्या तळावर जाते, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि साठवलेली सगळ्यात शेवटी लागते. म्हणून पहिला टप्पा लहान ठेवा. ठेकेदार म्हणेल, सगळं एकदम उघडू, डिझेल वाचेल. त्याचं वाचेल.

माती ओली असताना हात लावायचा नाही. मुठीत घेऊन वळा: सुतळीसारखी वळली तर थांबा, भुरभुरली तर कामाला लागा. गहू निघाल्यापासून रोहिण्यांपर्यंतचा काळ बरा. मृग लागल्यावर कुणी घाई केली तर पोकलेनची चावी काढून घ्या. चिखल होऊन दबलेली काळी माती वाळली की विटेसारखी होते, पुढची दोन-तीन वर्षं नांगर दाद देत नाही.

उतार: 1961 च्या खाण विनियमांप्रमाणे मुरमात पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीइतकी तरी हवी, किंवा बाजू 45 अंशांहून उभी नको. इथे कंजुषी करू नका. कोरडा मुरूम भिंतीसारखा उभा दिसतो, आणि पाणी पिताच खाली येतो. वरच्या अंगाला चर पावसाआधी खणा, गढूळ पाणी निवळायला एक खड्डा ठेवा. शेजारच्या विहिरीची पातळी नोव्हेंबरात पाहा. मे महिन्यातला आकडा बघून तळ ठरवलात तर आपोआप तळं होईल.

तळंच करायचं असेल तर तसं आधी ठरवा. 2006 नंतर देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी शेततळी खणली, रेवासागर म्हणून, ती बघून या. पण मुरमातून पाणी झिरपतं. शेजारच्या विहिरींना त्याचा फायदा, तुमच्या गव्हाला नाही. पाणी टिकवायचं तर तळाला काळ्या मातीचा थर दाबून बसवावा लागतो, आणि ती माती पुन्हा त्याच ढिगातून येते. हिशेब तेव्हाच धरा.

भरताना आधी तळ फोडून घ्या, डंपरांनी तो दगड केलेला असतो. मग माती पसरा आणि तिच्यावरून डंपर नेऊ नका. पहिल्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा पेरून गाडा, सोयाबीनचा मोह नको. कडेला कडुनिंब, करंज, कुंपण. शेवटच्या टप्प्याचे पैसे पहिल्याच टप्प्यात बाजूला काढा. बंद करताना मोजणी, फोटो, दाखला. ढिगातून ट्रॉलीभर माती मागणाऱ्याला, मग तो सख्खा साडू का असेना, नाही म्हणायचं.