चिनी वनौषधींचा चहा : काय एकत्र करावे आणि काय टाळावे

चीनमध्ये शेवंतीची वाळलेली फुले (जूहुआ) आणि गौचीची (गोजी बेरीची) तांबडी फळे एका पेल्यात घालून वर गरम पाणी ओतणे ही रोजची गोष्ट आहे, आणि नवशिक्याने सुरुवातही याच जोडीने करावी. तीनशे मिलीलिटर पाण्याला पाच-सहा फुले व दहा-बारा फळे पुरतात. दोन्ही आधी गार पाण्यात धुवावीत, कारण वाळवणात धूळ असते आणि रंग टिकावा म्हणून कधी गंधकाची धुरीही दिलेली असते. मग उकळी निवळलेले पाणी ओतून पाच मिनिटे झाकून ठेवावे. मुळे व साली मंद आचेवर उकळाव्या लागतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर फुले घालायची असतील तर ती शेवटी, गॅस बंद केल्यावर टाकावीत.

नवा घटक एका वेळी एकच वाढवावा व दोन-तीन दिवस थांबावे. पाच जिन्नस एकदम घातले आणि अंगावर पुरळ आले, तर दोष कोणाचा हे कळणार नाही. शेवंतीच्या कुळातील फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जूहुआ वगळावीच.

सर्वांत जास्त जपायचे ते गानत्साओला. घसा बसल्यावर आपण जे ज्येष्ठमध चघळतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. तो गोड लागतो आणि इतर वनस्पतींचा कडूपणा झाकतो, म्हणून हात सैल सुटतो. मात्र त्यातील ग्लिसिरायझिन हा गोड घटक शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब वाढवते. युरोपात ग्लिसिरायझिनची दिवसाची मर्यादा 100 मिलिग्रॅम सुचवलेली आहे, आणि गानत्साओच्या मुळीत ते साधारण दोन टक्के धरले तर पाच ग्रॅम मुळातच ती गाठली जाते. कोणी रक्तदाबाचा रुग्ण असेल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर हा गोडवा त्याच्यासाठी नाहीच. गर्भवतीनेही तो टाळावा.

चिनी वैद्यकात परस्परांशी न जुळणाऱ्या औषधांची 'अठरा विरोध' नावाची जुनी यादी आहे. तीत गानत्साओ व हायझाओ हे समुद्री शेवाळ एकत्र घेऊ नये असे सांगितले आहे. त्याच यादीतले वूतौ म्हणजे बचनागाच्या जातीचे विषारी कंद. प्रक्रिया अपुरी राहिल्यास ते हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतात, म्हणून घरच्या चहात त्यांना जागाच नाही.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर गौची, तसेच दांगग्वे व दानशेन (दोन्ही चिनी औषधी मुळे) यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. विचारायला जाताना नाव आठवत बसू नये, पुडीच सोबत न्यावी. चिनी नावे उच्चारात फार जवळजवळची असतात आणि बेल्जियममध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला फांगजी नावाच्याच दोन मुळांची अदलाबदल होऊन वजन घटवण्याची औषधे घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती.