नाशकात मेपल लावताय? मग एवढं सांभाळा

आधी जात ठरवा. फोटोत दिसणारं, पानं झालरीसारखी चिरलेलं जपानी मेपल आपल्या एप्रिल-मेमध्ये सगळ्यात आधी करपतं. पहिल्यांदाच लावत असाल तर ट्रायडंट मेपल घ्या. मूळ चीनचं, पान लहान, तीन टोकांचं आणि जाडसर, ऊन बरंच सोसतं. जपानीच हवं असेल तर 'ब्लडगुड'सारखी रुंद पानांची जात बघा.

बियांच्या पाकिटाच्या नादी लागू नका. बी ओलसर ठेवून तीन-चार महिने फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर ठेवावं लागतं, आणि उगवलेलं रोप मूळ झाडाच्या रंगाचं निघेलच असं नाही. कलमाचं रोप घ्या. डॉगरिजच्या खुंटावर (मुळाकडच्या झाडावर) द्राक्षाचं कलम भरणाऱ्या आपल्या गावात हे काय सांगायचं! जोडाच्या खालून आलेला फुटवा लगेच काढा, नाहीतर खुंट वर जातो आणि कलम मागे राहतं. नर्सरीत फांदी हातात घेऊन बघा. मेपलची पानं आणि डोळे समोरासमोर जोडीनं असतात. काश्मीरच्या चिनारचं पान दिसायला सारखंच, पण ते एक इकडे एक तिकडे येतं. चिनार हे झाडच वेगळं.

जमिनीत लावू नका, हे मी अगदी आग्रहानं सांगते. आपली भारी काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, वर त्यात चुनखडी. मेपलला किंचित आम्ल माती लागते. पसरट मातीची कुंडी घ्या, सिमेंटची नको. अर्धा भाग विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाइट (हलके पांढरे खडे), उरलेल्यात धुतलेलं कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पानांचं खत. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा, खाली ताटली नको.

बोअरचं जड पाणी सतत दिलं की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोह मिळत नसल्याचं लक्षण. पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवा आणि तेच वापरा. पानाच्या कडाच तेवढ्या तपकिरी, कुरकुरीत झाल्या असतील तर मात्र दोष बहुतेक कोरड्या वाऱ्याचा.

खरी कसोटी उन्हाळ्याची. गंगापूर रोडला माझ्या घरी कुंडी पूर्वेच्या गॅलरीत असते: सकाळचं कोवळं ऊन, अकरानंतर सावली. गच्चीच असेल तर मार्चपासून पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा आणि वाऱ्याच्या बाजूलाही एक पडदा करा. पानांपेक्षा मुळं जपा. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. बोट दोन पेरं खुपसा, आत कोरडं लागलं तरच पाणी द्या. भर दुपारी पानांवर पाणी मारू नका. करपलेलं झाड मेलं समजून टाकू नका. नखानं साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर पुन्हा फुटेल.

खत कमी. नवी पालवी स्थिरावली की मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड. नत्र जास्त झालं की फांद्या लांबट आणि मऊ वाढतात, मग मावा ही कीड येते.

हिवाळ्यात झाडाला झोपू द्या. थंडी पडली की त्याला घरात घेऊ नका, उघड्यावरच राहू दे. निफाडची बोचरी थंडी आपल्याला नको वाटते, मेपलला हवी असते. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला की पानांत लाली येते. हिमाचलासारखा रंग इथे चढणार नाही, पण जेवढा येतो तेवढा सुंदरच दिसतो.

पानं झडल्यावर, डोळे फुगायच्या आधी, छाटणी आणि कुंडीबदल उरका. जोडीच्या डोळ्यांच्या थोडं वर कात्री चालवा, मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. डोळे लवकर फुटावेत म्हणून द्राक्षाला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड मात्र मेपलला लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.