तापमान बदलले की ॲनालॉग सिंथेसायझरचा सूर हलतो : या चुका टाळा

मिनीमूग मॉडेल डीसारख्या ॲनालॉग सिंथेसायझरचा, म्हणजे विद्युत सर्किटांतून आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा, सूर हलला की अनेक जण लगेच यंत्र उघडून आतले ट्रिमर (सूक्ष्म जुळणीचे छोटे स्क्रू) फिरवू लागतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. बहुतेक वेळा सर्किट बिघडलेले नसते, तर खोलीचे तापमान बदललेले असते, आणि या घाईत चांगले जमलेले कॅलिब्रेशन (सुरांची अचूक जुळणी) मात्र हातचे जाते.

की-बोर्डवर एक सप्तक वर गेले की ऑसिलेटरला, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला, मिळणारे व्होल्टेज १ व्होल्टने वाढते आणि ट्रान्झिस्टरची एक जोडी त्याचे घातांकी रूपांतर करून वारंवारता दुप्पट करते. या रूपांतरावर उष्णतेचा थेट परिणाम होतो : भरपाईची सोय नसेल, तर तापमान एका अंश सेल्सिअसने वाढताच प्रत्येक सप्तक सुमारे ०.३३ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ४ सेंटनी (सेंट हा अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आखडते. म्हणून ट्रान्झिस्टरला चिकटवून उलट गुणधर्माचा रोधक बसवतात. पण यंत्र तापत असताना दोघांचे तापमान सारखे नसले, तर ही भरपाई अपुरी पडते. त्यामुळे तापमान किती आहे यापेक्षा ते स्थिरावले आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

यंत्र सुरू करताच सूर लावू नये. अर्धा तास जाऊ द्यावा. प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमधील, सूर आपोआप जुळवणारे ट्यून बटणही त्यानंतरच दाबावे. दुसरी चूक म्हणजे एकच स्वर तपासणे. मधला स्वर ट्यूनरवर बरोबर आला, तरी दोन सप्तके वरचा स्वर चुकत असू शकतो, आणि ती चूक बाहेरच्या ट्यून नॉबने कधीच सुटत नाही, कारण तो नॉब सगळे स्वर एकत्र सरकवतो, सप्तकांमधले अंतर बदलत नाही. झाकण काढून, एसीच्या झोतात कॅलिब्रेशन करणेही तितकेच घातक : झाकण परत लावल्यावर आतली उष्णता वाढते आणि केलेले काम वाया जाते. उघड्या मैदानावरील कार्यक्रमात दुपारी लावलेला सूर रात्रीपर्यंत टिकेल असे मानू नये. वादनापूर्वी तो पुन्हा तपासावाच.

रोलँड ज्युनो-१०६ मध्ये स्वराची वारंवारता डिजिटल घड्याळावरून ठरते, त्यामुळे तिथे हे कारण शोधण्यात अर्थ नाही. मिनीमूग मात्र पुरेसा तापल्यावरही तीनपैकी दोन ऑसिलेटर स्थिर राहून एकच भरकटत असेल, तर दोष हवेचा नाही; तेव्हा त्या ऑसिलेटरचे ट्रिमर आणि सैल झालेले जोड जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावेत.