जुन्या यानाच्या भागांतून नवं स्थानक: या चुका टाळा

अंतराळ स्थानकाच्या विद्यार्थी-आराखड्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘हा भाग आधी उडालेला आहे, म्हणून चाचण्यांचा वेळ वाचेल.’ वेळ वाचतो, पण थोडाच. भाग ज्या कामासाठी उडाला त्या कामापुरताच तो सिद्ध झालेला असतो. काम बदललं की त्याच्याबद्दलची गृहीतकं पुन्हा तपासावीच लागतात, आणि घाईत असलेले नवखे नेमकं तेच टाळतात.

रिकामी टाकी म्हणजे तयार खोली, असं समजणं

स्कायलॅब या नासाच्या पहिल्या अंतराळ स्थानकाची मूळ कल्पना हीच होती. सॅटर्न-१बी रॉकेटच्या एस-४बी टप्प्यातलं इंधन चढताना जाळायचं, उरलेला हायड्रोजन अवकाशात सोडायचा आणि मग अंतराळवीरांनी टाकीत शिरून सामान लावायचं. पण उणे २५३ अंश सेल्सियसच्या द्रव हायड्रोजनमध्ये जे टिकेल तेवढंच आत आधी बसवता येणार होतं. बाकी सगळं कक्षेत हाताने आत न्यायचं. जुलै १९६९ मध्ये नासाने हा नाद सोडला. टाकी जमिनीवरच सजवून त्याहून मोठ्या सॅटर्न-५ रॉकेटवर चढवायची ठरली. हायड्रोजनच्या टाकीत राहण्याची जागा झाली, ऑक्सिजनच्या टाकीत कचरा. निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

घात केला टाकीवरच्या ढालीने. उल्काकणांपासून बचावासाठी जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा टाकीभोवती गुंडाळला होता. उड्डाणात तो टाकीला घट्ट बसलेला राहणार आणि कक्षेत गेल्यावर सुमारे १३ सेंटिमीटर बाहेर सरकणार, अशी योजना होती. १४ मे १९७३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ६३ सेकंदांनी तो फाटून गेला. ढालीवरून जाणाऱ्या तारांच्या बोगद्याला मागच्या बाजूने फटी होत्या. तिथून हवा शिरली, आतला दाब वाढला, पुढची कड उचलली गेली आणि ध्वनीहून वेगवान वाऱ्याने पत्रा ओढून काढला. त्यापायी एक सौरपंख पुढे तुटून गेला आणि दुसरा ढालीच्या पट्टीत अडकला. आतलं तापमान ५० अंशांवर गेलं. २५ मे रोजी निघालेल्या पहिल्या तुकडीने छोट्या हवाबंद झडपेतून छत्री बाहेर काढून सावली केली, आणि ७ जून रोजी त्यातल्या कॉनराड व केरविन या अंतराळवीरांनी बाहेर जाऊन ती पट्टी कापली.

चौकशीत निघालेलं कारण प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावं असं आहे. सहा वर्षं विश्लेषण, आराखडा आणि चाचण्या होऊनही ढाल म्हणजे टाकीचाच अंगभूत भाग, असं सगळे धरून चालले. म्हणून चाचण्यांचा भर ढाल नीट उघडते का यावर राहिला. उड्डाणात ढालीवर येणाऱ्या वाऱ्याच्या भाराकडे पुरेसं लक्ष गेलंच नाही. शिवाय संपूर्ण ढालीची जबाबदारी एका अभियंत्याकडे नव्हती.

यावर माझी सवय साधी आहे. वारशाने आलेल्या प्रत्येक भागासाठी एक पान आणि त्यावर चार रकाने: मूळ काम, मूळ परिस्थिती, आता काय बदललं, कोणती चाचणी पुन्हा घ्यायची. वर एकाच माणसाचं नाव. चौथा रकाना रिकामा असेल तर आराखडा परत.

गोदामातला भाग नवाच राहतो, असं धरणं

आंतरराष्ट्रीय स्थानकाचा ‘नौका’ हा रशियन विभाग मुळात त्याच स्थानकाच्या ‘झार्या’ या पहिल्या विभागाचा जमिनीवरचा राखीव भाग. २०१३ मध्ये त्याच्या इंधन-नळ्यांत धातूचे कण सापडले आणि तो कारखान्यात परत गेला. तो उडाला थेट २१ जुलै २०२१ रोजी. भाग न वापरताही रबरी सील कडक होतात, झडपा चिकटतात, मुदती उलटतात. निर्मितीचं वर्ष आणि प्रत्येक सीलची मुदत वजनाच्या तक्त्यातच लिहा. वेगळ्या फाइलमध्ये गेली की ती कोणी उघडत नाही.

ढाल जुन्या मापाची ठेवणं

आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या ‘झ्वेझ्दा’ या रशियन विभागाची बांधणी ‘मीर’ या जुन्या रशियन स्थानकाच्या मुख्य विभागावर बेतलेली. तिला जादा संरक्षक पत्रे २००२ आणि २००७ मध्ये अंतराळवीरांनी बाहेर जाऊन लावले. नासाच्या शटल यानातून सामान घेऊन ये-जा करणारा ‘लिओनार्दो’ हा विभाग २०११ मध्ये कायमचा जोडताना त्याची ढाल जमिनीवरच वाढवली होती. शक्य असेल तिथे ही दुसरी, जमिनीवरच ढाल वाढवण्याची पद्धतच वापरा.

व्होल्टेज विसरणं

आंतरराष्ट्रीय स्थानकाचा रशियन भाग २८ व्होल्टवर चालतो, अमेरिकी भाग सुमारे १२४ वर. मध्ये परिवर्तक लागतात. त्यांचं वजन आणि उष्णता पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

पोर्ट जुळलं की झालं, असं मानणं

‘मीर’च्या ‘क्रिस्टाल’ विभागावरचं पोर्ट, म्हणजे यान जोडण्याचं तोंड, बुरान या सोव्हिएत यानासाठी आखलेल्या पद्धतीचं होतं, त्यामुळे जून १९९५ मध्ये अटलांटिस हे अमेरिकी शटल तिथे जोडता आलं. पण शटलला पुरेशी मोकळी जागा मिळावी म्हणून आधी अख्खा ‘क्रिस्टाल’ पुढच्या टोकाला हलवावा लागला. दरवेळी ही हलवाहलव नको, म्हणून नोव्हेंबरमध्ये अटलांटिसनेच खास डॉकिंग विभाग नेऊन बसवला. आराखड्यात पोर्टचा व्यास लिहिताना येणाऱ्या यानाचा पूर्ण आकार आणि सौरपंखांच्या फिरण्याची कक्षाही त्याच चित्रात, त्याच प्रमाणात काढा.