मॉरिशसला संशोधनासाठी निघण्यापूर्वी करायची तयारी

बेटे आणि लघुराज्ये या विषयावर प्रबंध लिहिण्यासाठी जे मराठी विद्यार्थी मॉरिशसची निवड करतात, त्यांच्यासाठी ही तयारी लिहीत आहे. यातली एक गोष्ट मागच्या वेळी माझ्याकडून राहून गेली आणि तिची किंमत मला नव्हे, तर माझ्यावर विश्वास ठेवून बोललेल्या माणसाला मोजावी लागली. ती गोष्ट म्हणजे मुलाखत देणाऱ्यांची ओळख कशी राखायची, याची निघण्यापूर्वी केलेली लेखी योजना. बाकीच्या गोष्टी तिथे जाऊनही निभावतात, ही निभावत नाही, म्हणून तिचा उल्लेख पुढे पुन्हा पुन्हा येईल.

पासपोर्ट, विमा, औषधे यांबद्दल सांगण्याची गरज नाही. परवानगीबद्दल मात्र आहे. पर्यटक म्हणून देशात प्रवेश मिळणे आणि तिथे संशोधन करण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. रेदुई येथील मॉरिशस विद्यापीठ किंवा मोका येथील महात्मा गांधी संस्था यांपैकी आपल्या विषयाशी जुळणाऱ्या विभागाला निदान सहा महिने आधी पत्र लिहावे, स्थानिक मार्गदर्शक कोण असेल हे लेखी ठरवून घ्यावे आणि आपल्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच ओळख राखण्याच्या योजनेचे एक स्वतंत्र पान जोडावे. समितीच्या छापील नमुन्यात ‘नावे गुप्त ठेवली जातील’ या वाक्यापुढे खूण करायची सोय असते आणि बहुतेक जण तेवढ्यावर थांबतात. तेवढ्यावर थांबू नका. कारण पुढे सविस्तर येईल.

कधी जायचे हेही आधी ठरवावे. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत असतो. इशारा तिसऱ्या श्रेणीचा झाला की बस, दुकाने, कचेऱ्या, अभिलेखागार, सगळेच बंद होते. जानेवारी 2024 मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या होत्या. जून ते ऑक्टोबर हा काळ कामाला बरा. मराठी समाजावर काम करायचे असेल, तर गणेश चतुर्थी या मुक्कामात येईल असे पाहावे. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कचेऱ्यांची कामे त्या आठवड्यात ठेवू नयेत.

वाचनात पहिल्यांदा स्पष्ट करून घ्यायची बाब म्हणजे ‘बेट’ आणि ‘लघुराज्य’ यांची सरमिसळ होऊ न देणे. मादागास्कर बेट आहे, पण लहान नाही. लेसोथो राष्ट्रकुलाच्या लघुराज्यांच्या यादीत आहे, पण त्याला समुद्रच नाही. राष्ट्रकुल साधारण 15 लाख लोकसंख्येची मर्यादा धरते आणि मॉरिशस सुमारे साडेबारा लाखांवर असल्याने तिच्यात बसतो. संयुक्त राष्ट्रांची ‘लहान बेटांची विकसनशील राष्ट्रे’ ही वर्गवारी निराळी आहे. ती 1992 च्या रिओ परिषदेतून पुढे आली आणि 1994 चा बार्बाडोस कृती कार्यक्रम, 2005 ची मॉरिशस रणनीती, 2014 चा सामोआ मार्ग आणि 2024 चा अँटिग्वा-बार्बुडा कार्यक्रम असे तिचे टप्पे आहेत. या विषयाचा विद्यापीठीय अभ्यास कुठे रुजला हेही माहीत असावे. माल्टा विद्यापीठातील संस्था, कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठाचा द्वीप-अध्ययनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, आइसलँड विद्यापीठाचे लघुराज्य केंद्र आणि 1968 पासून प्रशांत महासागरातील अनेक देशांनी मिळून चालवलेले दक्षिण प्रशांत विद्यापीठ ही त्यातली मुख्य ठिकाणे. माल्टाचे अर्थतज्ज्ञ लिनो ब्रिगुग्लिओ यांनी लहान बेटांच्या आर्थिक असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला. तो वाचताना मॉरिशसचा पूर्वेतिहास जवळ ठेवावा. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 मध्ये या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशाजनक अंदाज वर्तवला होता. 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा आला आणि 1980 च्या दशकात कापड उद्योगाने चित्र पालटले. 2020 मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात नेले आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा खालच्या गटात आला. एवढ्या लहान अर्थव्यवस्थेवर एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधाला परीक्षक सहज खोडून काढू शकतात आणि ते रास्तच असते.

आकडेवारी उतरवून घेताना प्रत्येक तक्त्यावर ‘मॉरिशस बेट’, ‘रॉड्रिग्ज’ (प्रजासत्ताकाचे पूर्वेकडचे दुसरे बेट) की ‘मॉरिशस प्रजासत्ताक’ हे लिहिलेले पाहावे, कारण सांख्यिकी विभाग हे तिन्ही वेगवेगळे देतो आणि घाईत त्यांची गल्लत होते. जनगणनेबाबत आणखी जपावे लागते. कोण कोणत्या समाजाचा, हा थेट प्रश्न शेवटचा विचारला गेला तो 1972 मध्ये. त्या जुन्या आकड्यांवरच, सर्व समाजांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून संसदेत राखलेल्या आठ जागांची व्यवस्था दीर्घकाळ टेकून राहिली आहे. त्यानंतरच्या गणनांत भाषा आणि धर्म विचारले जातात आणि तिथे मराठी, तमिळ, तेलुगू ही नावे भाषेच्या रकान्यात जशी दिसतात तशी धर्माच्या रकान्यातही दिसतात. ‘मॉरिशसमध्ये मराठी माणसे किती’ या प्रश्नाला म्हणूनच एक सरळ उत्तर नाही. प्रबंधात आकडा देताना तो कोणत्या रकान्यातला हे सांगितलेच पाहिजे. आणि गावपातळीवरच्या तक्त्यात एखाद्या चौकटीत दोन-चार माणसेच असतील, तर ती चौकट छापू नये. ओळख राखण्याचे काम इथूनच सुरू होते.

अभिलेखांची तयारी म्हणजे आधी मिळवलेली लेखी परवानगी. 1834 पासून सुमारे साडेचार लाख माणसे करारबद्ध मजूर म्हणून भारतातून मॉरिशसला नेली गेली. त्यांच्या नोंदींचा मोठा संग्रह महात्मा गांधी संस्थेत आहे. हे मजूर जिथे उतरवले जात, तो पोर्ट लुई बंदरावरचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तो पाहून घ्यावा, पण काम व्हायचे ते नोंदवह्यांत. एका माणसाच्या नोंदीत त्याचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव आणि जहाज अशी माहिती मिळते आणि 1860 च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही सापडतात. मुंबई बंदरातून गेलेल्यांची नावे व गावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी वाटली तशी उतरवलेली आहेत. म्हणून रत्नागिरी, सावंतवाडी परिसरातील गावांची जुन्या स्पेलिंगसह एक यादी घरूनच करून न्यावी. तिथे बसून नकाशे शोधत राहिलात, तर मोजके दिवस त्यातच जातील.

आता त्या ‘जात’ रकान्याकडे नीट पाहावे. पणजोबांची नोंद उतरवून घेताना आपण एका हयात कुटुंबाची अशी माहिती हाती घेत असतो, जी त्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कुठे उच्चारलेली नसेल, किंवा तिथल्या समाजात वेगळीच सांगितली गेली असेल. नोंदीचा क्रमांक प्रबंधात छापला की तो माग काढायला पुरेसा ठरतो. त्यामुळे क्रमांक, आडनाव आणि जात या तीन गोष्टी एका पानावर कधीही एकत्र आणू नयेत. कुटुंबाने स्वतः मागितल्याशिवाय ही माहिती त्यांना आपण होऊन सांगूही नये.

आणि आता ती मुख्य गोष्ट. मागच्या वेळी माझ्या अहवालात एकाही मुलाखतीखाली नाव नव्हते. ‘मध्य पठारावरील एका गावातील निवृत्त मराठी शिक्षक, एका मंडळाचे माजी पदाधिकारी’ असे एका ठिकाणी लिहिले होते. महाराष्ट्रात या वर्णनात शेकडो माणसे बसतील. तिथे एकच बसत होते. अहवालाची प्रत पोहोचल्यावर त्यांनी संस्थेतील वादाविषयी विश्वासाने सांगितलेले सगळे त्यांच्या नावासकट गावभर झाले. लहान समाजात नाव पुसून ओळख पुसली जात नाही. शिक्षक, शेजारी, मंडळाचे सभासद आणि नातलग ही तिथे वेगवेगळी माणसे नसतात. एकच माणूस या सगळ्या नात्यांनी उरलेल्यांना बांधलेला असतो आणि दोन तपशील मिळाले की तिसरा वाचकच भरतो. लघुराज्यांचा अभ्यास करणाऱ्याने हे पुस्तकात वाचलेले असते. माझेही वाचन होते, योजना मात्र नव्हती.

योजनेत पुढील गोष्टी निघण्यापूर्वीच लिहिलेल्या असाव्यात. पद, गाव आणि वयोगट यांपैकी एका व्यक्तीबाबत एकाहून अधिक तपशील मजकुरात येणार नाही. एका माणसाची सगळी विधाने एकाच टोपणनावाखाली एकवटणार नाहीत. काही विधाने कोणाचीही न ठेवता ‘मुलाखतींतून असे दिसते’ एवढ्यावर थांबतील. संमतीपत्रात नावासह छापावे, नावाशिवाय छापावे आणि ऐकावे पण छापू नये असे तीन स्वतंत्र पर्याय असतील, व पूर्ण गुप्ततेची हमी देणे इथे शक्य नसल्याचे त्यात प्रामाणिकपणे सांगितलेले असेल. समोरच्याला हे वाचून बोलायचे नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. ध्वनिमुद्रणे एका जागी आणि खऱ्या नावांची किल्ली दुसऱ्या जागी राहील. मॉरिशसमध्ये 2017 चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा लागू आहे, त्यामुळे ही केवळ सौजन्याची बाब नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे छापण्यापूर्वी ज्याचे त्याचे अवतरण त्याला वाचायला दिले जाईल आणि संपूर्ण मसुदा त्या वर्तुळाबाहेरच्या, पण देश जाणणाऱ्या एका विश्वासू वाचकाला दाखवून ‘यातली माणसे ओळखता येतात का’ असे विचारले जाईल. एक जरी ओळखता आला, तरी तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. प्रबंधाची मुदत तोंडावर आली असली तरीही.

योजना कागदावर चांगली असली, तरी ती आपल्या वागण्यातून फुटते, हेही लक्षात असू द्यावे. कोणत्या घरी तुम्ही दुपारभर बसला होता, हे बसथांब्यावरच्या माणसांना ठाऊक असते. म्हणून नाजूक विषयावरची मुलाखत घरी न घेता, समोरच्याला सोयीच्या आणि तुमच्या येण्याजाण्याने चर्चा न होणाऱ्या जागी घ्यावी. ज्यांच्याकडे उतरलात त्यांनाच दुभाषा आणि ओळख करून देणारे म्हणून नेऊ नये. आधीच्या माणसाने काय सांगितले, हे पुढच्याला कधीही सांगू नये, कौतुकानेसुद्धा नाही.

भाषेची तयारी इंग्रजीवर सोडू नये. संसद आणि कागदपत्रे इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये आणि रोजचे बोलणे क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, चालते. मराठी शाळेत शिकवली जाते, मंदिरात व उत्सवात ऐकू येते, पण मुलाखत मराठीत होईलच असे धरून चालू नये. क्रिओलचे निदान दोन-तीन महिने शिक्षण घेतल्याशिवाय जाऊ नये.

रॉड्रिग्जला जाणार असाल तर वेगळी तयारी लागते. मुख्य बेटापासून सुमारे 560 किलोमीटर पूर्वेला असलेल्या या बेटाला 2002 पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. प्रजासत्ताकाचाच भाग असूनही तिथले प्रश्न पोर्ट लुईहून वेगळे दिसतात. 2012 पासून तिथे ऑक्टोपसच्या मासेमारीला वर्षातील काही आठवडे बंदी घातली जाते आणि ओहोटीला खडकांत उतरून ऑक्टोपस पकडणाऱ्या बायकांशी बोलल्याशिवाय तो अभ्यास पुरा होत नाही. एका वाडीत अशा मोजक्याच बायका असतील. वाडीचे नाव लिहू नका. ओळख राखण्याची योजना इथे सर्वांत आधी कोसळते, म्हणून इथे ती सर्वांत कडक हवी. शागोसवर काम करायचे असेल, तर 1965 मध्ये ब्रिटनने तो द्वीपसमूह मॉरिशसपासून वेगळा काढून तिथल्या रहिवाशांना पुढे हलवल्यापासून ते 2019 च्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या सल्लागार मतापर्यंतची कागदपत्रे आधीच वाचून जावे. विस्थापित कुटुंबांना तीच ती हकीकत पुन्हा सांगायला लावू नये.

सामानात ध्वनिमुद्रक, सुट्या बॅटऱ्या, तिथल्या सॉकेटला चालणारा अडॅप्टर आणि पावसाळी जाकीट असावे. टिपणे त्याच रात्री उतरवावीत आणि प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

परतल्यावर लिप्यंतर महिन्याभरात संपवावे. अवतरणे संबंधितांकडे पाठवावीत व उत्तराची वाट पाहावी. प्रबंधाची एक प्रत तिथल्या ग्रंथालयाला द्यावी. आभाराचे पान सर्वांत शेवटी लिहावे आणि त्यात मुलाखत देणाऱ्या एकाचेही नाव घालू नये, कारण कोणाशी बोललात हे तेच पान सांगते.